अंतरामामांचं उलटं गाणं

माझे वडील पाय मोडून मुखेडच्या सरकारी दवाखान्यात पडले होते, तेव्हाची गोष्ट. अंतरामामा त्यांना बघायला आले. हातात मोसंबीची पिशवी, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डोक्यावर ती पांढरी टोपी. डायरेक्टर लोक अशीच टोपी घालतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पाय कसा आहे, प्लॅस्टर कधी निघणार, एका शब्दानं विचारलं नाही. वॉर्डाच्या जाळीतून भिंतीवर ऊन पडलं होतं, ते बघितलं, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि मला म्हणाले, "अक्का, हितं एक अंतरा बसतो की!"

कुठलीही जागा दिसली की त्यांचं हेच. तहसीलची पायरी असो, करडईचं रान असो, नाहीतर कुणाच्या मयतीला गेल्यावर दिसलेली चिंच असो. म्हणून सगळे त्यांना अंतरामामा म्हणायचे. खरं नाव बसाप्पा. घर उदगीरचं, किराण्याचं. भाऊ दुकानात डाळ विकून बंगले बांधत होते आणि हा गडी लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन गाण्यांचे अल्बम काढत गावोगाव हिंडत होता. "लग्नाचं शूटिंग पोटाला, गाण्याचं शूटिंग जिवाला," असं ते म्हणायचे. जिवाचं खातं भरलेलं असायचं, पोटाचं काही विचारू नका.

मी त्यांची हिरोईन. हसू नका. आज मी लातूरला दवाखान्यात सिस्टर आहे, पण त्या काळात आमच्या भागातल्या निम्म्या सीडींवर माझा फोटो होता, तोही चांगला भडक मेकअप केलेला. गाणी माझ्या वडिलांची. वडील गवंडी. दिवसभर भिंती चढवायचे आणि संध्याकाळी गायन पार्टीत बसायचे. मामांनी त्यांची गाणी ऐकली आणि घरी येऊन आईपुढे हात जोडले, "माय, पोरगी द्या. गाण्यात नाचायला." आई भांडी घासत होती. ती तवा घेऊनच उठली. शेवटी तह झाला तो असा की प्रत्येक शूटिंगला आई बरोबर येणार. मग काय, दोन झाडांना चादर बांधून माझ्या साड्या बदलायचं काम आईकडे आलं आणि पुढच्या सीडीवर "वेशभूषा" म्हणून तिचं नाव आलं. त्यानंतर तीच मला विचारायला लागली, "काय गं, मामाचा फोन न्हाई आला?"

मामांचा कायदा एकच होता. तीन अंतरे, तीन साड्या, तीन गावं. पहिला अंतरा औशाच्या किल्ल्यात, दुसरा सूर्यफुलात, तिसरा नांदेडला गोदावरीच्या घाटावर. मी औशात गिरकी घेतली की नांदेडला थांबायची. मधला प्रवास आम्ही एसटीनं, उभ्यानं केलेला असायचा, तो पब्लिकला दिसत नव्हता म्हणून बरं. गाणं सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नावं यायची. गुलाबाची फुलं फुटायची, कबुतरं उडायची आणि "दिग्दर्शन : बसाप्पा" हे पिठाच्या चक्कीसारखं गरगर फिरून मग स्थिर व्हायचं. तेवढ्यात चहा ठेवून यायला वेळ मिळायचा. तरी कुणी पुढे ढकलत नव्हतं, कारण त्या नावांत कुणाचा भाऊ असायचा, कुणाची मावशी.

वडिलांना त्या फिरणाऱ्या नावांचं काही वाटत नव्हतं. त्यांचं नाव गाण्यातच असायचं. आमच्याकडे गायन पार्टीची रीतच आहे, शेवटच्या अंतऱ्यात कवीनं आपलं नाव गुंफायचं. नाव आलं की गाणं त्याचं. वडील म्हणायचे, "आयुष्यभर घरं बांधली, पाट्या मालकाच्या लागल्या. गाण्यावर पाटी माझी हाय." त्यांच्या एका गाण्यात एसटी स्टँडवर चुकामूक झालेलं जोडपं होतं. त्याचा शेवटचा अंतरा असा:

किसन म्हणे, गाडी सुटली तरी सुटू दे,
धरलेला हात तेवढा हातात राहू दे.

हे म्हणताना साठीचा माणूस नव्या नवरदेवासारखा लाजायचा.

पुढे सीडी बंद पडल्या. गाणी मोबाईलवर आली. मामा आधी खूश होते, "आता आपलं गाणं दुबईत बी दिसतंय, अक्का!" दुबईत आमचं कोण होतं देव जाणे. मग लातूरचा एक चॅनेलवाला भेटला. तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्यानं मामांना नवीन शास्त्र शिकवलं. पब्लिकचा अंगठा थांबत नाही म्हणे. गुलाब काढा, कबुतरं काढा, नावं काढा. सुरुवातीलाच धक्का द्या. गाणं सहा मिनिटांचं होतं ते तीनवर आलं, तीनवरून एकावर. शेवटी म्हणाला, एवढंसं द्या आणि उभं द्या.

हे "उभं" मामांना झेपेना. औशाचा किल्ला आडवा, मोबाईल उभा! किल्ला बसवला तर हिरोईन मुंगीएवढी, हिरोईन बसवली तर मागे दोन दगड. नवीन हिरोईन होती ती पोरगी तर म्हणाली, "मामा, औशाला कशाला जायचं? आमच्या गच्चीवर करू की." मामा म्हणाले, "गच्चीवर वाळवण घालतेत गं माय, गाणं न्हाई." पण गाणं गच्चीवरच झालं. एक साडी, अर्धी गिरकी आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारणं. लाखभर लोकांनी बघितलं. औशाच्या किल्ल्याला उभ्या जन्मात एवढे लोक आले नसतील.

तेच ते वडिलांचं एसटीचं गाणं होतं. मी ते वडिलांना माझ्या फोनवर दाखवलं. बघितलं, मान डोलवली आणि संपल्यावर पुढच्या अंतऱ्याची वाट बघत तसेच बसले. फोनवर गाणं परत पहिल्यापासून सुरू झालं. परत बघितलं. मग मला विचारलं, "माझं नाव कुठंय?"

मामा समोरच खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "किसनराव, शेवटचा अंतरा राहिला. तिथपर्यंत कोणी बघंना झालंय."

"मग गाणं कोणाचं हाय हे?"

मामांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. वडिलांनी नुसता चहा सांगितला. आमच्या घरात माणसावर राग असला की चहा सांगतात आणि आपण पीत नाहीत. मला त्या दिवशी मामांचा असा राग आला, की त्यांच्या कपात साखरच टाकली नाही. त्यांनी तो तसाच प्याला.

चार-आठ दिवसांनी मामा आले ते टोपी तिरपी करूनच. "किसनराव, जमलं! गाणं उलटं करू. शेवटचा अंतरा आधी!" वडील उखडले. "येडं लागलं का? आधी नावाची छाप आन् मग गाणं? गायन पार्टीत जोड्यानं हाणतेल." मामा म्हणाले, "गायन पार्टीत वरूनच म्हणा. मोबाईलवर खालून म्हणू. लोकं पहिलंच ऐकून राहिले, तर पहिलं तुमचं नाव ऐकू द्या."

दोन दिवस वडील स्वतःशीच गाणं खालून वर म्हणून बघत होते. मग स्वतःच रेकॉर्डिंगला गायला गेले.

आणि काय झालं म्हणता! ज्या पोरांना किसन कोण हे ठाऊक नाही, ती पोरं वरातीत "किसन म्हणे! किसन म्हणे!" ओरडत नाचायला लागली. डीजेवाले तेवढंच परत परत वाजवायचे. हिमायतनगरला एका लग्नात नवरदेवाचंच नाव किसन निघालं, त्याला खांद्यावर घेतलं. आमचे वडील मांडवाच्या कडेला जेवत होते. त्यांना कुणी ओळखलं नाही, पण वरण वाढणाऱ्याला त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, "माझं हाय ते." तो म्हणाला, "काय, वरण?"

मामांचं नाव मात्र आता गाणं संपल्यावर यायचं. गुलाब नाहीत, गरगर फिरणं नाही, काळ्या पाटीवर बारीक अक्षरं. तिथपर्यंत कोण कशाला थांबतंय! मी म्हटलं, "मामा, तुमचं पण वर घ्या की." तर म्हणाले, "एसटीत मागचीच सीट बरी असती अक्का. धक्के बसतेत, पण ऊठ म्हणायला कोणी येत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. उदगीरला शिवगणाराधनेला, म्हणजे त्यांच्या दिवसांच्या कार्याला, आम्ही तिघंही गेलो. भावांनी मांडव मोठा घातला होता. कुणीतरी भाषण केलं, त्यात मामांचा उल्लेख "कुशल फोटोग्राफर" असा झाला. आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बग की गं, फोटोग्राफर म्हणे!" तिचे डोळे भरून आले होते.

मग वडिलांना म्हणायला सांगितलं. हार्मोनियम नव्हतं, ताल नव्हता. ते काठी टेकवत उभे राहिले. मला वाटलं, आपलं नेहमीचं म्हणतील, वरून किंवा खालून. त्यांनी शेवटचा अंतराच उचलला:

बसाप्पा म्हणे, गाडी सुटली तरी सुटू दे,
धरलेला हात तेवढा हातात राहू दे.

मांडवातल्या कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, असंच असेल गाणं. वडील खाली बसले, घाम पुसला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तर माझ्यावरच खेकसले, "काय बघतीस? हितून पुढं असंच म्हणायचं."