अक्कांचं माहेर वरच्या मजल्यावर

मी मोहोळला लेकीकडे गेले होते. सकाळी भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आबेना बोलत होती. "काकू, अक्का न्हाईत आता." घाना देशातून शिकायला आलेली ही मुलगी माझ्या थोरल्या जावेच्या मरणाची बातमी मला जावेच्याच बोलीत सांगत होती. ती बोली तिला शिकवली अक्कांनीच. सकाळी चहा मागितला, अर्धा कप प्यायल्या, कूस बदलली... बस, एवढंच. मी तशीच एसटीत बसले. जुळे सोलापूर येईपर्यंत रडू आलं नाही, रागच येत होता. चार दिवस मी घरात नाही तर तेवढ्यात उठून जायचं, ही कुठली रीत?

अक्का सांगोल्याकडच्या. माहेरी मेंढरं होती आणि वडील बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजवायचे. एकुलता भाऊ तरुणपणीच गेला, मागे दिवा लावायला कुणी उरलं नाही. त्यांना मूलबाळही नव्हतं. नवरे गेल्यावर आम्ही दोघी जावा एका घरात राहिलो आणि मनसोक्त भांडलो. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, म्हणजे सगळं नियमात पाहिजे. अक्का शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. वरच्या दोन खोल्या आफ्रिकेतून आलेल्या कॉलेजच्या मुलींना द्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा मी अबोला धरला. कॉलनीतले लोक काय म्हणतील, हे माझं एकच तुणतुणं. अक्का म्हणाल्या, "लेकरं लई लांबनं आल्यात. कुटं जातील?" झालं, खोल्या दिल्या. आबेना त्या पहिल्या मुलींतली सगळ्यात लहान. मंगळवारी जन्मली म्हणून तिकडे तिचं नाव आबेना, हे कळल्यापासून अक्का तिला मंगल म्हणत.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी वरून बादली बडवल्याचा आवाज यायला लागला. मी तावातावाने जिना चढले. खोलीत मुली नाचत होत्या, एक जण पालथ्या बादलीवर ठेका धरत होती, आणि मध्यभागी फतकल मारून आमच्या अक्का! डोळे मिटलेले, हात मांडीवर चाललेला. मला बघून म्हणाल्या, "बाच्या ढोलासारखं वाजतंय गं शालन." मग मुलींना म्हणाल्या, वर कशाला कोंडून घेताय, खाली अंगणात या की.

अंगणातून ते समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गेलं. दुसऱ्या वर्षापासून दर दिवाळीनंतरच्या एका रविवारी इतर कॉलेजांतली, आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांची पोरं ढोल घेऊन यायला लागली. त्यांची गाणी, त्यांचे नाच, त्यांचं जेवण. कुणीतरी सुचवलं, जेवणाला पास ठेवू. अक्का भडकल्याच. "जत्रंत जेवायला तिकीट असतंय व्हय?" तेव्हापासून सगळं फुकट, आणि न जेवता कुणी गेलं तर अक्का फाटकापर्यंत मागे धावणार. ज्या कॉलनीला मी भीत होते ती ताट घेऊन रांगेत उभी राहिली. आवाजाची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या शेजारीणबाईंनी तिसऱ्या वर्षी नाचता नाचता पाय मुरगळून घेतला, तरी चौथ्या वर्षी त्या पहिल्या रांगेत!

त्या जेवणातला मुख्य पदार्थ म्हणजे शेंगदाण्याचं दाट कालवण. आबेनाची आई करते तसं. जेवणाच्या पहिल्या वर्षी तिनं अक्कांना फक्त भाजलेले शेंगदाणे कुटून द्यायला सांगितले होते. पण सोलापूरची बाई उखळात शेंगदाणे टाकते ती कशासाठी? हात आपोआप लसणीकडे गेला, मग लाल तिखट, मीठ, आणि तेल सुटेस्तोवर मुसळ. पाच किलोंची झाली चटणी! आता वेळ कुठला? त्याच चटणीचं कालवण झालं. पोरांनी नाकं पुसत ते तीन तीन वेळा वाढून घेतलं. दरवर्षी पुन्हा तेच. मी दरवर्षी टोकायची, अक्का, त्या मुलींच्या पदार्थाचं वाटोळं करू नका. त्या म्हणायच्या, हात ऐकत न्हाय.

अक्का गेल्या त्या दिवशी मी मोहोळहून पोचले तेव्हा दारात गावाकडची मंडळी जमली होती आणि कुजबुज चालली होती. बाईच्या शेवटच्या प्रवासाला माहेरचं लुगडं लागतं. अक्कांच्या माहेरी होतं कोण? आबेनानं मला बाजूला घेऊन विचारलं, मी सांगितलं. ती वर गेली आणि आईनं दिलेलं निळ्या-पिवळ्या नक्षीचं कापड घेऊन आली. एक म्हातारे पाहुणे पुटपुटले, अशी पद्धत न्हाय. आयुष्यभर पद्धतीच्या बाजूनं बोलणारी मी, त्या दिवशी मीच म्हणाले, ही त्यांच्या माहेरची आहे. आणि ते कापड माझ्या हातानं अक्कांवर घातलं.

तीन आठवड्यांवर प्लॉटवरचा यंदाचा उत्सव होता. तेरावा झाला, तरी मी ठाम. वर्षभर या घरात सण नाही, ढोल नाही. उखळही पोत्यानं झाकून ठेवलं. आतून मला माहीत होतं, एक वर्ष खंड पडला की ही जत्रा पुन्हा उभी राहायची नाही. आबेनाचं शिक्षण संपत आलंय, पोरं पांगतील. पण माझ्या तोंडून हो निघेना.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी आबेना डबा घेऊन आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. दुखवटा कोण काढतं, काकू, तिनं विचारलं. मी म्हणाले, नातलग येतात, जेवू घालतात, मग घराला सण करता येतो. पहिला मान माहेरचा.

"मग आमी आलोय की," ती म्हणाली. "आमच्याकडं म्हातारं माणूस गेलं की ढोल वाजतोय. न्हाय वाजला तर लोक इचारतात, हिचं कुनीच नव्हतं का?"

तिनं घास पुढे केला. मी खाल्ला, आणि मोहोळपासून अडलेलं सगळं रडू तिच्यासमोर रडून घेतलं.

उत्सवाच्या रविवारी सकाळी मी उखळावरचं पोतं काढलं. मनाशी ठरवलं होतं, यंदा तरी आबेनाच्या आईचं कालवण जसंच्या तसं होऊ दे. नुसते शेंगदाणे कुटले, कालवण उकळलं, तिला चव घ्यायला दिली. चांगलं झालंय, म्हणाली. पळी खाली ठेवली, पुन्हा उचलली नाही. मग मी परत उखळापाशी बसले, मूठभर लसूण घेतली, तिखटाचा डबा ओढला. समोरच्या प्लॉटवर पोरांनी ढोल तापवायला घेतले होते. त्यांच्या ठेक्यावर माझं मुसळ कधी पडायला लागलं, मला कळलं नाही.

त्याला आता काही दिवस झाले. उखळ मी दोनदा धुतलं, लसणीचा वास जात नाही. तिसऱ्यांदा धुणार नाही.