हावगेप्पाच्या गाडीतला पाट

"अण्णा, ह्या एकवीस शिटा काढल्यावर आत उरतंय काय?"

रत्नपालनं हातातला पाना खाली टेकवला आणि विचारलं. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याच्या कडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांची शटरं, टेम्पोच्या बॉड्या असं सगळं तो करायचा. पण असलं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"घर उरतंय," हावगेप्पा म्हणाला.

"घर तर तुमचं आळंदला हाय की."

"ते उभं घर. मला पळतं पायजे."

हावगेप्पा चौदा वर्षं ही मिनीबस आळंद ते करजगी चालवत होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर पंचा. रोज सकाळी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच चावी फिरवायचा. पुढं सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं आणि त्याची गाडी अर्धी रिकामी धावू लागली. लोकांना वाटलं, आता हा शिव्या घालणार. हा म्हणाला, "कामून घालू? सुना माहेरी जायल्यात, म्हाताऱ्या देवाला जायल्यात. चांगलंच झालं की." मग पुटपुटला, "माझीच तेवढी घरात बसलीय."

त्याची म्हणजे मल्लेश्वरी. तिचा नेम मोठा कडक. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. पूजेआधी आंघोळ हवी, बसायला पाट हवा आणि घटकाभर शांतता हवी. गाडी नवी होती त्या वर्षी गावातली, वाटेवरची माणसं घेऊन हावगेप्पा बसवण्णांच्या कूडलसंगमाला निघाला, तेव्हा तीही हौसेनं बसली. वाटेत एका ठिकाणी मुक्काम पडला. सकाळी नळाला रांग, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि गाडीत बसलेल्यांचा एकच घोष, "चला, चला, उशीर व्हायलाय!" मल्लेश्वरी तशीच निघाली. बिनआंघोळीची, बिनपूजेची, अन् म्हणून बिनपाण्याची. तालिकोटीच्या अलीकडं दुपारच्या उन्हात ती चक्कर येऊन पडली. हावगेप्पानं गाडी वळवली. एकवीस माणसं संगम न बघता परत आली.

कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. तेच तिला लागलं. "माझ्यापायी एकवीस माणसं माघारी फिरली," म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. पुढं हावगेप्पानं संगमाच्या सतरा फेऱ्या केल्या. दर वेळी ती कडक भाकरी न् शेंगाची चटणी बांधून द्यायची आणि म्हणायची, "माझा बी नमस्कार सांगा."

"नमस्कार सांगून सांगून मी थकलो, रत्नपाल," हावगेप्पा म्हणाला. "आता तिलाच न्यायचं हाय."

रत्नपालनं पाना परत उचलला.

दोन महिने काम चाललं. मागच्या बाजूला दिवसा घडी होणारा पलंग आला, त्याच्याखाली पाण्याची टाकी. खिडकीजवळ हातभर ओटा, पट्ट्यानं आवळलेला सिलिंडर, त्याच्यापाशी खालून हवा जायला भोकं. कोपऱ्यात पत्र्याचा खोलगट ट्रे, वर नळी, भोवती पडदा. ती न्हाणी. वीस शिटा गेल्या, एक राहिली. ड्रायव्हरच्या मागची, पाठीवर 'महिलांसाठी' लिहिलेली.

"ही बी काढू?"

"राहू दे. तिची हाय."

"आणि काचेतली ही पाटी? 'आळंद – करजगी'?"

"तिला हात लावू नकोस."

"अण्णा, लोक हात करतील रस्त्यात."

"करू दे. मी काय थांबणार हाय?"

सगळ्यात जास्त वाद झाला तो पाटावरून. पाट ठोकून पक्का करायचा होता, म्हणजे गाडी हलली तरी सरकणार नाही. हावगेप्पा स्वतः मांडी घालून खाली बसला. "घे माप."

रत्नपाल हसायला लागला. "तुमचं माप घेऊन अक्का कशी बसंल? तुमी म्हणजे दोन पोती तूर!"

दुसऱ्या दिवशी हावगेप्पा एक सुतळी घेऊन आला, तिला चार गाठी. घरातल्या देवखोलीत मल्लेश्वरी जिथं बसते तिथली फरशी बसून बसून गुळगुळीत झालेली. तेवढीच जागा त्यानं ती गोठ्यात गेलेली बघून मोजली होती. रत्नपालनं सुतळी हातात घेतली, गाठी बघितल्या, आणि बोलला तो हळूच, "माझी आई बी सकाळची वंदना झाल्याशिवाय चहाला शिवत न्हाई. कळतंय मला." पाटाचं लाकूड त्यानं स्वतःच्या घरून आणलं, सागवानी. मजुरीच्या हिशेबात ते कधी आलंच नाही. हावगेप्पा आजही त्याचं नाव घेताना छातीला हात लावतो.

गाडी दारात आली तेव्हा मल्लेश्वरी कमरेवर हात ठेवून आत डोकावली.

"ही न्हाणी हाय का परात?"

"उभं राहून बघ की."

"आणि ह्या ओट्यावर भाकरी थापली तर खिडकीतून शेतात जाईल!"

पाटापाशी मात्र ती थांबली. वाकून तिनं हात फिरवला. लांबी बघितली, रुंदी बघितली. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "करजगीपर्यंत येते. आंघोळ-पूजा वाटेतच. जमलं तर पुढं, न्हाई तर फाट्यावरून माघारी. आणि मग पुन्हा ह्या विषयाचं नाव काढायचं न्हाई."

"व्हय," हावगेप्पा म्हणाला.

ते निघाले तेव्हा उजाडत होतं. दोन्हीकडं उभी तूर, तिच्यावर धुक्याचा पातळ पदर. चौदा वर्षांत हावगेप्पानं इतक्या हळू गाडी कधी चालवली नव्हती. करजगी थोडं राहिलं तेव्हा एका मोठ्या लिंबाखाली त्यानं गाडी घेतली. सावली, शांतता, बाजूला सपाट जागा. ह्यापेक्षा बरी जागा कुठली मिळणार? इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि उगाच टायरं बघत मागं गेला. आत पाणी पडल्याचा आवाज आला, मग थांबला. पाट जरासा करकरला.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ह्या लिंबाखाली तो सवयीनं थांबला होता. हा त्याचाच थांबा. चौदा वर्षांचा.

तोवर शेताच्या बांधावरून माणसं निघालीच होती. पुढं नागव्वा, डोक्यावर गाठोडं, सत्तरीची पण पाय कसे झपाझप. मागं दोन बाया आणि दुधाची कॅन घेतलेला एक गडी. काचेतली पाटी लांबून वाचून नागव्वा ओरडली, "आली गं बाई, हावगेप्पाची गाडी आली! सरकारी तर आज फिरकली बी न्हाई!"

"अव्वा, अव्वा, थांब..." हावगेप्पा पळाला. पण म्हातारी पायरी चढून गेली होती. दार उघडून 'महिलांसाठी'वर जाऊन बसली होती. हावगेप्पा दारात जागच्या जागी थिजला. सगळं संपलं, त्याला वाटलं. पुन्हा तीच घाई, तीच माणसं, अन् ह्या खेपेला बोलावून आणलेली त्याची त्यानंच.

नागव्वानं मान वळवली. समोर पाटावर ओल्या केसांची मल्लेश्वरी, डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. गाठोडं मांडीवर दाबून धरलं, अलगद उठली आणि पाय न वाजवता खाली उतरली.

"पूजा चाललीय," ती कुजबुजली. "कुणी हलायचं न्हाई."

"पण अव्वा, दूध नासंल..." कॅनवाला म्हणाला.

"नासू दे तुझं थोबाड. गप उभा राहा."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला, भसाभस डीजेचं गाणं. नागव्वानं डोळे वटारले. घाईत बटण सापडेना, तेव्हा तो गडी फोनवर बसला. खरंच, मातीत मांडी घालून फोनवर बसला, आणि गाणं त्याच्याखाली गुदमरून गेलं. एक बाई पदर तोंडात कोंबून हसत राहिली. पण आवाज कुणाचा निघाला नाही. लिंबावर साळुंक्या तेवढ्या बोलत होत्या.

मल्लेश्वरीनं डोळे उघडले. लिंग कपाळाला लावलं, गळ्यातल्या डबीत ठेवलं. खिडकीतून बाहेर बघितलं तर नवऱ्यासकट पाच माणसं रांगेत, देवळाच्या दारात असावीत तशी.

"कवापासनं उभे हाव?"

"आत्ताच आलाव," नागव्वा खोटं बोलली. मग तिच्यानं राहवलं नाही. "तंगी, माझे भैनी, तालिकोटीच्या बारीला मी बी त्या गाडीत व्हते. खिडकीपाशी. चला चला करत सगळ्यात मोठ्यानं मीच वरडत व्हते. घाई आमाला झालती, बाई. तुझी काय चूक व्हती त्यात?"

तांब्या तोंडाला लावून मल्लेश्वरी पाणी प्यायली, गटागटा, सगळा तांब्या. मग डबा उघडला. प्रत्येकाच्या हातावर कडक भाकरी, वर चटणी. फोनवाल्यालाही. "आधी तुमी खावा," म्हणाली, "दारात आलेलं माणूस उपाशी ठेवून मला घास जायचा न्हाई."

"दार?" हावगेप्पानं विचारलं.

"मग काय? हे दारच की."

सगळे गाडीत बसले, कुणी पलंगावर, कुणी ओट्याला टेकून. करजगीच्या फाट्यावर उतरताना नागव्वानं गाठोड्यातून ओल्या हरभऱ्याची जुडी काढून पाटावर ठेवली. "संगमाला गेलीस तर ह्यातला एक घाटा तिथं ठेव. माझा बी नमस्कार सांग."

माणसं पांगली. एक रस्ता आळंदला माघारी, दुसरा भीमेचा पूल ओलांडून पुढं. हावगेप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आरशात बघायची त्याला हिंमत होईना. त्याच्या गाडीत घंटी कधी नव्हतीच. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. चौदा वर्षं तो तेवढ्याच आवाजावर चालला होता.

मागून बांगड्यांचा आवाज आला. मग पत्र्यावर थाप पडली.

एक म्हणजे थांब.

दुसरी पडली, पहिलीपेक्षा जोरात.

"अवो, सोडा की गाडी," मल्लेश्वरी हरभरा सोलत म्हणाली. "आणि ती पाटी काढा आधी. न्हाई तर संगमापर्यंत अख्खा तालुका भरून न्यावा लागंल."

हावगेप्पानं पाटी काढली. टाकली मात्र नाही. पंच्यानं पुसून तिच्या पाटाखाली सरकवून ठेवली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, आणि चावी फिरवली.