हिरामण काकांच्या फोनवरचा ओटीपी

आमच्या वडिलांना कोणतंही काम करायचं म्हटलं की आधी खुर्ची लागते. माझ्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा ठरला, तेव्हा त्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि कामं वाटून दिली. आईने दाखले शोधायचे, मी मोबाइलवर भरायचं आणि त्यांनी लक्ष ठेवायचं. ओझरच्या कारखान्यात ते कंत्राटी वेल्डर आहेत. तिथे आठवडाभर त्यांच्यावर कुणीतरी लक्ष ठेवतं, त्याचा वचपा ते रविवारी आमच्यावर काढतात.

त्या रविवारीच फॉर्मची शेवटची तारीख होती. शिष्यवृत्ती हुकली असती तर माझं फार्मसीचं दुसरं वर्ष बुडालं असतं. सगळं भरून झालं आणि ओटीपी गेला हिरामण काकांच्या फोनवर. मी सहावीत असताना आधारला नंबर जोडला, तेव्हा घरात धड चालणारा फोन काकांचाच होता. आता काका भिंतीपलीकडे राहतात. त्यांच्या शेवग्याची फांदी आमच्या पत्र्यावर आली, वडिलांनी ती न विचारता कापली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत.

आधी आई गेली. काकांनी चष्मा शोधला, मेसेज सावकाश वाचला, ओटीपी कोणालाही सांगू नये ही ओळ दोनदा वाचली, आणि ओटीपीची दहा मिनिटांची मुदत संपली. काका बँकेत बावीस वर्षं वॉचमन होते. तिथल्या भिंतीवरच्या सूचना त्यांच्याइतक्या मनापासून मॅनेजरनेही वाचल्या नसतील.

दुसऱ्या वेळी मी गेले. काकांनी मला चिक्की दिली, ओटीपी दिला नाही. तुझा बाप गावभर सांगतो की हिरामण आमचा कोणी नाही, मग परक्या घरात ओटीपी कसा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मला रडू आलं. रागही आला, दोघांचाही.

घरी येऊन मी सांगितलं, की आता एकदाच ओटीपी मिळेल, नंतर साइट उद्यापर्यंत बंद. मी बटण दाबलं. पलीकडे फोन वाजला. वडील उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि तिच्यावर चढले.

"ओटीपी आला का?" चार वर्षांनी भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आलाय. परक्याला देत नसतो," काका म्हणाले.

"दादा, मी परका हाय का?"

काकांनी उलट विचारलं, "फांदी तोडली तवा इचारलं व्हतं का?"

"नाय इचारलं. चुकलं माझं."

हे शब्द वडिलांच्या तोंडून मी आणि आईने पहिल्यांदाच ऐकले. काकांनी सहा आकडे एकेक करून सांगितले, मग खात्रीसाठी पुन्हा सांगितले.

फॉर्म गेला. आई म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचाच आहे, तेव्हा उद्याच केंद्रात जाऊन आधारला जोडलेला फोन नंबर बदलून घेऊ. वडील अजून खुर्चीवरच उभे होते. काका भिंतीवरून शेवग्याच्या शेंगा देत होते आणि वडील त्यांना शेंगा जून झाल्याचं ऐकवत होते.

"राहू दे," ते मागे न बघताच आईला म्हणाले. "दादाचाच राहू दे."