शालिनीमावशीने नेलेलं दार

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चर्चच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये बसले होते. विषय होता, गाण्याच्या तालमीच्या खोलीत एसी बसवायचा... शालिनीमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, परळच्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल शिकवायची. हडकुळी, फटकळ, पण पोरांवर जीव टाकणारी.

सहा वर्षांपूर्वी एका मुलीने तिला सांगितलं, गाण्याचे सर तालमीच्या खोलीचं दार आतून लावून घेतात... आणि पुढचंही. मावशीने "खरं सांगतेस ना?" असं एकदाही विचारलं नाही. कमिटीने मात्र मुलीला आमच्यासमोर आणा म्हटलं.

"पुन्हा वदवून घेणार तिच्याकडून? लाजा कशा वाटत नाहीत रे!" मावशी कडाडली.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, क्षमा करावी. चर्चची अब्रू आहे."

"क्षमा द्यायची की नाही ते ती पोर ठरवेल. तुम्ही कोण देणारे?"

सरांना शाल देऊन गुपचूप दुसऱ्या चर्चमध्ये पाठवायचं घाटत होतं. मीही त्या कमिटीत होते आणि गप्प बसले. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशी मुलीच्या आईला घेऊन थेट पोलीस चौकीत गेली. आणि रविवारी उपासना सुटल्यावर सगळ्यांदेखत काकांचा स्क्रूड्रायव्हर काढून त्या खोलीच्या बिजागऱ्या खोलायला लागली. दार टेंपोत घालून घरी आणलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं. "आता बघू कोण लावतो ते!" त्यावरच आम्ही सुरमई-भात जेवलो. चर्चच्या अर्ध्या मंडळीने तिच्याशी बोलणं टाकलं. त्या नाताळला तिच्या घरी कुणाकडूनच फराळाचं ताट आलं नाही, तर बाईने त्याच दारावर करंज्या लाटल्या आणि मुलीच्या घरी नेऊन दिल्या. केस अजून चालू आहे. एक तारीख चुकवली नाही तिने.

गेल्या रविवारी चर्चमध्ये कमिटीचे सेक्रेटरी हळूच म्हणाले, "मावशी तर आता नाहीत... ते दार पाठवता का? एसीची हवा बाहेर जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "दार हवंच असेल तर काचेचं करा, बाहेरून आतलं दिसेल असं. आणि कडी नको. हे मिळणार नाही."

हे मी मावशीच्या घरी, त्या दारावरच लिहितेय. आतली कडी वर आलीय, लिहिताना मनगटाला लागते. नवरा म्हणतो, काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे... पुढच्या तारखेला मुलीच्या आईबरोबर कोर्टात मी जाणार आहे.