मिसळीचा जोंधळा

पोत्यात हात घालायचा तर चिंतामण आठल्ये कोपरापर्यंत घालायचे. वरचा माल दाखवण्यासाठी असतो, हे त्यांनी वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, सांगलीतल्या आडत दुकानात लहानपणीच पाहिलं होतं. तळातून मूठभर दाणे वर काढायचे, तळहातावर पसरायचे, नाकाशी न्यायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा. एवढं झालं की जोंधळा काळ्या रानातला की माळाचा, कोरड्या जागी राहिलेला की ओल खाल्लेला, हे ते सांगत आणि सहसा चुकत नसत.

लढाईच्या दिवसांत सरकारनं धान्याची लेव्ही बसवली, तेव्हा साताऱ्याच्या कचेरीतल्या या कारकुनाला पुरवठा खात्यात ओढलं ते याच हातासाठी. काम सांगायला सोपं होतं. जमीनवाल्याच्या पिकाचा अंदाज बांधायचा, घरखर्चाचं आणि बियाण्याचं सोडायचं आणि उरलेल्यातला सरकारचा वाटा ठरल्या भावानं उचलून गोदामात आणायचा. तिथून तो शहरातल्या रेशनच्या दुकानांत जाई. पण माण तालुक्याच्या कोरड्या मुलखात जोंधळा जमिनीखाली ठेवण्याची चाल होती. आडासारखा खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि दगडावर माती. याला पेव म्हणत. वरून नांगर फिरवला की ते कुठं आहे हे मालकाशिवाय कुणाला कळत नसे.

आठल्ये दौऱ्यावर कुणाच्या घरचा चहा घेत नसत. भाकरी घरून नेत. त्यांच्या पत्नी शरयूबाई रेशनच्याच जोंधळ्याच्या भाकऱ्या थापत आणि त्यांना पेवाचा कुबट वास येई. "तुम्ही आणता तेच आम्ही खातो," असं त्या म्हणत. ही तक्रार होती की नुसती माहिती, हे आठल्यांनी कधी विचारलं नाही.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात ते बोरखडीला गेले. पीक आधीच बेताचं होतं आणि माणचा वाटा पुरा भरलेला नाही, असं कचेरीतल्या साहेबांनी निघताना बजावलं होतं. चावडीवर गावातले एक जमीनवाले, भाऊसो, बसले होते. त्यांचं पेव आठल्यांनी आदल्याच फेरीत रिकामं केलं होतं.

"या सायेब," भाऊसो म्हणाले. "माज्या घरात उंदरांनी ठिवल्यालं तेवढं ऱ्हायलंय. न्ह्याचं असंल तर सांगा, धरून देतो."

चावडी हसली.

"दुसरं कुणाचं राहिलंय का, ते सांगा," आठल्ये म्हणाले.

"मी कशाला सांगू? पर बाळासोच्या माळावर जावा की जरा. मेंढरांच्या वाडग्याखाली पेव हाय. वर लेंड्या, खाली जोंधळा. सरकारचं नाक तितवर पोचत न्हाई म्हनून बरं."

बाळासोंची जमीन गावात सर्वांत मोठी आणि त्यांनी दाखवलेलं पीक सर्वांत थोडं. आठल्यांनी शिपाई केरबाला बरोबर घेतलं आणि माळ गाठला. तिथं धनगरांची खोपटी होती. काटेरी कुंपणाचं वाडगं रिकामं होतं. बिराप्पा आणि त्याचे भाऊबंद दिवाळीतच मेंढरं घेऊन घाटाकडं उतरले होते. मागं बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं. बिराप्पाची आई धोंडुबाई पेवाच्या दगडावर पाय पसरून बसली होती.

"उठा आजी. दगड काढायचाय."

"काडा की. पर माल कुनाचा त्ये आदी इचारा."

"कुणाचा?"

"आमचा. पोरं वाटंनं रानारानांत मेंढरं बसवत्यात, खतासाठनं. रानवाला त्येचा जोंधळा देतो. माघारी येताना जमल्यालं त्ये हितं आनून घालायचं. त्येच्यावर आमी हितं जगतो. माज्यासारकी म्हातारी काय घाट उतरंल? ह्यो जोंधळा हाय म्हनून मी घरात हाय."

तेवढ्यात बाळासो धापा टाकत आले. "आवं सायेब, रान माजं हाय, पर पेव त्येंचं. आज्याच्या वक्तापासनं हाय."

आठल्ये हे असलं पुष्कळ ऐकून होते. मागच्या गावात एका जमीनदाराचा जोंधळा सुताराच्या न्हाणीखाली निघाला होता आणि सुतार देवाची शपथ घेऊन तो आपलाच म्हणत होता. ज्याला जमीन नाही त्याला लेव्ही नाही. त्यामुळं त्या वर्षी साऱ्या तालुक्याचा जोंधळा बिनजमिनीच्या माणसांचा झाला होता.

"काही पुरावा?" त्यांनी विचारलं.

"मेंढरं काय पावती देत्यात व्हय?" धोंडुबाई म्हणाली. मग ती उठली आणि बाजूला झाली. "तुमी म्हनं कोपरापतूर हात घालता. साऱ्या मुलकात बोलत्यात. मग घाला की. बगा काय लागतंय त्ये."

मागून आलेली चावडीची माणसं हसली. केरबानंही तोंड फिरवलं. आठल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझं काम मला शिकवू नका," ते म्हणाले.

पेव उघडलं. कोंडलेली हवा जाऊ दिली, कंदील सोडून पाहिला, मग माणसं आत उतरली. पहिल्या टोपलीवरचे दाणे पांढरे, टपोरे होते. बाळासोंच्या रानात असाच शाळू पिकायचा. आठल्यांनी ते वरवर पाहिले आणि पोती शिवायला सांगितली. लॉरीला उजेडातच परत फिरायचं होतं, हे खरं. पण त्यांनी हात घातला नाही तो त्यामुळं नव्हे. एका म्हातारीनं चारचौघांत घाला म्हटलं, म्हणून घातला नाही.

धोंडुबाईची सून सुलाबाई कुंपणाशी उभी होती. सांडलेले दाणे वेचायला ती वाकली, तर म्हातारीनं तिला हात धरून उभं केलं.

सरकारनं किंमत दिली ती बाळासोंच्या नावानं. बाळासोंनी ती जशीच्या तशी धोंडुबाईपुढं ठेवली. "ह्येची भाकरी थापून दाव मला," ती त्यांना म्हणाली. रेशनचं दुकान तालुक्याच्या गावाला, आणि आसपास कुणी मूठभर धान्य विकायला तयार नव्हतं.

साताऱ्याच्या गोदामात पुढं आठवड्याभरातच थप्पी हलवताना आकाराम हमालाच्या खांद्यावरचं पोतं उसवलं. "सायेब, हे बोरखडीचं," तो म्हणाला. "ह्यात काय काय हाय बगा तरी."

आठल्यांनी सवयीनं हात घातला, कोपरापर्यंत. तळहातावर आलं ते एका रानातलं नव्हतं. पांढरा शाळू होता, पिवळसर बारीक दाणा होता, खरिपाचा तांबूस जोंधळा होता, मध्येच बाजरी होती. काही दाण्यांना काळ्या रानाची माती चिकटली होती, काहींना मुरमाची. एकच रान असलेल्या माणसाच्या पेवात अशी मिसळ होत नाही. ती दहा गावांच्या दहा रानांत मेंढरं बसवणाऱ्याच्याच पेवात होते. आठल्यांनी तळातून आणखी एक मूठ काढली आणि दाराच्या उजेडात नेली. आकारामनं विचारलं, "काय कीड हाय व्हय?"

"नाही," ते म्हणाले. "माल चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढं उभे राहिले आणि बोरखडीचा जोंधळा परत द्यायला हवा म्हणाले.

"परत?" साहेब म्हणाले. "आठल्ये, आपल्याकडं धान्य लेव्हीतून आत येतं आणि रेशनमधून बाहेर जातं. तिसरं दार नाही."

"जप्ती चुकीची होती असं ठरलं तर?"

"असं कोण ठरवणार?"

"मी लिहून देतो. मी माल न तपासता उचलला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिहिलंत तर फिरतीवर राहणार नाही तुम्ही. बोरखडीला जाऊन माफी मागा आणि मोकळे व्हा. एवढं पुरे."

"माफीनं चूल पेटत नाही, साहेब."

त्यांनी लिहून दिलं. शरयूबाईंना ते घरी गेल्यावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांच्याकडं आता खायला काय आहे?" आठल्यांना ते माहीत नव्हतं.

कागद वरच्या कचेरीत गेला, तिथून आणखी वर. चैत्र गेला, वैशाख गेला, पाऊस लागला. हुकूम आला तो श्रावणात. तितक्याच वजनाचं धान्य परत द्यावं आणि सदर नोकरास फिरतीच्या कामावरून काढून गोदामात नेमावं. साताऱ्यात इकडचा जोंधळा शिल्लक नव्हता. होता तो परदेशातून बोटीनं आलेला तांबडा मिलो, म्हणजे विलायती जोंधळा. आठल्ये तोच घेऊन गेले.

माळावर मेंढरं परतली होती. बिराप्पानं गाडी येताना पाहिली, पण तो जागचा हलला नाही. एक खोपट काट्याची फांदी लावून बंद केलेलं होतं.

"घरची माणसं कुठं आहेत?" आठल्यांनी विचारलं.

"रस्त्याच्या कामाला हायती. खडी फोडत्यात. जोंधळा ग्येला तवापासनं."

"आजीसुद्धा?"

"ती बी."

बिराप्पा उठला. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. मूठ उघडली तर सगळे दाणे एकाच रंगाचे, एकाच मापाचे.

"ह्यो एकाच रानातला दिसतोय," तो म्हणाला.

"होय."

"आमचा असा नसतो."

"ते मला आता कळलं," आठल्ये म्हणाले.

"आता कळून काय उपेग सायेब? म्हातारीनं तवाच सांगितलं हुतं." पोती त्यानं उतरवून घेतली, पण पेवाकडं नेली नाहीत. पेवाचं तोंड उघडंच होतं आणि आत पावसाचं पाणी साचलं होतं.

त्या दिवाळीनंतर बोरखडीचा कळप साताऱ्यावरून वाईकडं चालला, तेव्हा आठल्ये गोदामाच्या दारात उभे होते. दर वर्षी या वाटेनं नुसते गडी जात. या खेपेला मागं राहायला भरलेलं पेव नव्हतं, म्हणून बायका होत्या, कोकरांबरोबर पोरं होती. सुलाबाईच्या डोक्यावर जातं होतं. सगळ्यांच्या मागं एका तट्टावर, भांड्याकुंड्यांच्या मधोमध, धोंडुबाई बसली होती. तिचा एक हात फडक्यात बांधलेला होता.

तिनं त्यांना ओळखलं. तट्टू थांबवायला सांगितलं नाही.

"सायेब, हितं बसवलं व्हय तुमाला?"

"होय, आजी."

"बरं हाय. सावली हाय." तट्टू पुढं सरकलं. तिनं मान वळवून आणखी एकदा विचारलं, "हात घालता न्हवं आता?"

"घालतो."

कळप रस्ता भरून पुढं गेला. आठल्ये आत आले. आकाराम नव्या पोत्यांची थप्पी लावत होता. त्यांनी बाही वर सारली आणि पहिलं पोतं सोडायला सांगितलं.