मास्तरांचा उठाव

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका निरुपद्रवी माणूस साताऱ्यात दुसरा झाला नसेल. आणि तरीही बेचाळीसच्या धामधुमीत भर मोटारतळावर उठावाची कबुली देणारा आमच्या आळीतला हा एकमेव इसम. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि सगळं जग उठावाच्या मापानं मोजायचे. तव्यावर भाकरी फुगली की म्हणायचे, "वा, काय उठाव आलाय!" माझ्यासाठी मुलगी पाहायला मोठ्या विश्वासानं बरोबर नेलं, तर पोहे खाता खाता म्हणाले, "नाकाला उठाव कमी आहे." तेही मुलीच्या नव्हे, माझ्या. ते लग्न अर्थातच जमलं नाही.

सांगलीतल्या एका धर्मशाळेच्या दर्शनी भिंतीवर दगडात उठावाचं चित्र कोरायचं काम आयुष्यात एकदाच त्यांच्याकडे चालून आलं. कमरेवर घागर घेतलेली बाई. आधी कागदावर कोळशानं पुरती आकृती काढायची, मग तिच्यावरून दगड. बाई म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या काकूच, दुसरं कोण उभं राहणार? बिचाऱ्या रोज परसात घागर घेऊन ताटकळायच्या. "अहो, आमटी उतू चाललीय," म्हणाल्या तरी मास्तरांचं एकच, "जाऊ दे. मान हलवू नकोस."

चित्र झालं. ते गुंडाळून मास्तर सांगलीला निघाले, तर मोटारतळावर हवालदारानं हटकलं.

"काय हाय त्यात?"

"उठावाची तयारी."

"कुठं करायचाय उठाव?"

"सांगलीत. धर्मशाळेत."

"संगं कोन कोन हाय?"

"कोणी नाही हो. एकटी बायको."

झालं! मास्तर चौकीत. त्या दिवसांत आत गेलेला माणूस कधी परतेल याचा नेम नव्हता. काकूंबरोबर मीही चौकीत गेलो. मास्तरांना घोर वेगळाच. हवालदारानं कागदाची घडी घातली होती, आणि तसं चित्र पुन्हा आपल्या हातून उतरणार नाही, हे ते जाणून होते. काकूंनी घरून आणलेली घागर कमरेवर घेतली, मान वळवली आणि त्या फौजदारासमोर उभ्या राहिल्या. फौजदारानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"नाक जरा मोठं झालंय, मास्तर."

"मी तेच म्हणत होते," काकू म्हणाल्या. मान तशीच ठेवून.

मास्तर सुटले आणि त्याच कागदावरून त्यांनी ती भिंत कोरली. तो कागद आता माझ्याकडे असतो, पिवळा पडलेला, चौकीतल्या घडीसकट. काकू गेल्यानंतर एकदा मास्तरांना घेऊन मी सांगलीला गेलो होतो. धर्मशाळेची भिंत दर दिवाळीला चुन्यानं रंगवतात. थरावर थर चढून नाक, घागर, सगळं सपाट झालेलं. मला फार वाईट वाटलं. मास्तर मात्र डोळे मिटून भिंतीवर हात फिरवत राहिले. गळ्यापाशी बोटं थांबली.

"बघ," ते म्हणाले, "अजून मान हलवलेली नाही तिनं."