आमच्या साडूंचं खारं पाणी

समुद्रापासून इतक्या लांब राहून घरात समुद्र सांभाळणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हा माझ्या सासुरवाडीचा पराक्रम आहे. सावली नावाच्या गावात त्यांचं कापडाचं दुकान. चहूकडे भातशेतीच्या बांध्या, पलीकडे वैनगंगा. खारं म्हणावं असं गावात लोणच्याशिवाय काही नाही. आणि यांच्या बैठकीत, टीव्हीच्या जागी, काचेची भलीमोठी पेटी आणि तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. सुरतेला माल आणायला गेले असताना एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हे मासे पाहिले आणि गृहस्थ तिथेच पाघळले. जन्मभर साध्या डब्यातून प्रवास केलेल्या माणसाने परतीचं तिकीट एसीचं काढलं, कारण माशांना ऊन सोसत नाही. साड्यांचे गठ्ठे मागाहून आले.

एरवी हा माणूस कमालीचा ढिला. कापड मोजताना मीटरपट्टी हातात असूनही वीतभर जास्तच फाडतात आणि वर म्हणतात, "राहू द्या जी, लेकराचं झबलं होईल." पायांत दोन वेगळ्या चपला घालून लग्नाला येतात. माझं नाव त्यांना अजून चटकन आठवत नाही, म्हणून 'साडभाऊ' या हाकेवर भागवतात. पण रविवार उजाडला की त्यांच्या अंगात सोनार संचारतो. पेटीतलं थोडं पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचा तो दिवस. घरातलं मीठ चालत नाही. त्यासाठी वेगळं मीठ कुरियरने येतं, आदल्या दिवशीच ड्रममध्ये कालवलं जातं आणि छोटा पंप ते रात्रभर घुसळत बसतो. "ड्रम घोरते, आन् हे वेगळे घोरते," ही ताईंची तक्रार. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. सकाळी त्या पाण्याचा थेंब दुर्बिणीसारख्या एका चिमुकल्या यंत्रावर घ्यायचा आणि खिडकीकडे तोंड करून, एक डोळा मिटून त्याचा खारेपणा पाहायचा. तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचंही नाही. मी एकदा म्हणून पाहिलं, की थोडं कमीजास्त झालं तर काय बिघडतं? त्यांनी यंत्र खाली ठेवलं. "वरणात मीठ जास्त झालं तं तुम्हाले ताटावरून उठता येते, साडभाऊ. हे बिचारे उठून कुठी जातीन?"

पाण्याचीही तीच तऱ्हा. बोअरचं पाणी माशांना चालत नाही, म्हणून फिल्टरच्या पाण्याच्या कॅन घेतात. आमच्याकडे उन्हाळ्यात त्या कॅन चांगल्या गार करून देतात आणि गार नसल्या तर लोक भांडतात. हे भांडतात ते गार आहेत म्हणून. कॅनवाला हात जोडतो, "भाऊ, साऱ्या गावाले थंड पाह्यजे, तुम्हालेच गरम काऊन?" मग त्या कॅन अंगणात उन्हाला बसतात आणि साडू अधूनमधून जाऊन, तापकरी पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांना हात लावून येतात. घरातला कूलर पेटीच्या दिशेने वळवलेला असतो. माणसांनी घामाघूम व्हावं.

शेजारच्या लग्नात तर बहारच झाली. ऐन जेवणात पाणी संपलं, तेव्हा वाढप्यांनी यांच्या ओसरीवर ड्रममधून भरून ठेवलेली एक कॅन उचलून नेली. नवरदेवाच्या मामांनी ग्लासभर पाणी एका दमात घशाखाली घातलं आणि तिथेच उभे राहून पाहुण्यांचा असा छळ कुठे असतो का, म्हणून ओरडू लागले. साडू धावत आले. लोकांना वाटलं माफी मागतील. त्यांनी कॅन हलवून पाहिली आणि हळहळून म्हणाले, "पेले तं पेले जी, उरलेलं काऊन सांडलं?"

या रविवारापायी त्यांनी किती लग्नं, बारशी बुडवली त्याला गणती नाही. गाव सोडून एक रात्र राहायची त्यांची तयारी नसे. ताई हसत म्हणायच्या, "माह्याकडे एवढं पाह्यलं तं मी आणखी दहा वर्षं जास्त जगीन."

आणि मागच्या उन्हाळ्यात ताईंचंच पोट दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन लगेच करावं लागेल असं सांगितलं, आणि जिवाला धोका आहे हेही लपवलं नाही. रविवारी हे पळून येणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली आणि ताईंना गाडीत बसवून निघून गेले.

ऑपरेशन झालं, पण ताई ग्लानीतच होत्या. रविवारी मी त्यांच्या बैठकीत ड्रम, नळी, बादली मांडून साडूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी यंत्रावरचा आकडा वाचला, त्यांनी मान हलवली. "हळू सोडा पाणी. धक्का बसते त्याइले." मी नळीतून जुनं पाणी बादलीत काढायला लागलो. तेवढ्यात तिकडून नर्सची हाक आली, "काका, बाई जाग्या झाल्या!" फोन बंद न करताच त्यांनी खिशात टाकला. पडदा काळा झाला, आवाज येत राहिले.

नर्स सांगत होती, फक्त दोन चमचे पाणी द्यायचं, जास्त नाही. मग ताईंचा आवाज आला, इतका बारीक की ओळखूच येईना. "आज रविवार हाय ना? पाणी बदललं का?"

"बदलून राह्यले ते. तू बोलू नको." चमचा वाटीला लागला. "हं, एक. गीळ सावकाश. घाई नाई आपल्याले." चमचा पुन्हा वाटीला लागला. "आता दुसरा."

"आणखी दे ना," ताई म्हणाल्या.

"नाई, सुमे. दोनच." आणि दुकानात दिवसभर खणखणणारा तो आवाज फुटला. साडू रडत होते, अगदी उघड, नर्ससमोर.

इकडे बादली भरून वाहत होती आणि माझे पाय खाऱ्या पाण्यात होते. मासे काचेपाशी येऊन थांबले होते. मी नळी तशीच धरून उभा राहिलो. फोन बंद करावासा वाटेना.